दोन प्रोसेसर आणि कोंबडीचं डोकं

चांगह्वा, ९ ऑक्टोबर २०००

ती. जिन-शुई मामा,

नमस्कार. आईचा गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक आहे. तिने सुकवलेला मुळा पाठवलाय. पुडकं तैपेइच्या बसवर टाकलंय, स्टँडवरून उचलून घ्या.

आता कामाचं. आमच्या कंपनीला दोन प्रोसेसर बसणारा मदरबोर्ड घ्यायचाय. तुम्ही कुआंगह्वा पुलाखाली बावीस वर्षं हेच विकताय, तेव्हा कुठला घ्यावा ते सांगा. फोनवर विचारलं असतं, पण आमचा फोन दोन्ही मालक भावांच्या, थोरल्या आणि धाकट्या झान साहेबांच्या, टेबलांच्या बरोबर मधे आहे, आणि ई-मेल धाकट्या साहेबांच्या मशीनमधून जाते. तशीही तुम्ही ती वाचत नाही.

फुलबाजाराच्या लिलावाचा प्रोग्रॅम मी लिहितेय हे आईने सांगितलंच असेल. तिने सगळ्या गल्लीला सांगितलंय. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळावर भाव वरून खाली उतरत येतो, ज्याने आधी बटण दाबलं त्याची फुलं. जुना प्रोग्रॅम गर्दीत अडकतो. जानेवारीअखेरच्या चांद्र नववर्षाआधी शेवंती आणि ग्लॅडिओलसचे ट्रक लागतात, त्याच्या आत नवा चालू व्हायला हवा. पण मी एक ओळ बदलली तरी मशीन सगळा प्रोग्रॅम पुन्हा बांधायला घेतं आणि त्यात बेचाळीस मिनिटं घालवतं. दिवसातून आठ-नऊ वेळा. मधल्या वेळात मी चहा करते. कंपनीत माझ्याइतका चांगला चहा आता कुणी करत नाही.

म्हणून समितीने ठरवलं की दोन प्रोसेसरचा बोर्ड आणायचा. आम्ही चौदा माणसं. समितीत सात आहेत, उरलेले सात निरीक्षक.

मुदत वेइयाची आहे. मागच्या वर्षी त्या वर्षअखेरीच्या जेवणात मालकांनी कोंबडीचं डोकं गोदामातल्या तू आडनावाच्या साहेबांच्या दिशेला करून ठेवलं होतं. तू साहेबांनी सूप संपवलं, सगळ्यांना नमस्कार केला, आणि सकाळी त्यांचं टेबल रिकामं होतं. यंदा लोक माझ्याकडे बघून फार गोड हसतात.

लवकर लिहा.

तुमची भाची,
पेइ-रू


तैपेइ, १३ ऑक्टोबर २०००

चि. पेइ-रू,

आशीर्वाद. मुळा पोचला. तुझ्या आईचा हात अजून मिठाच्या बाबतीत सढळ आहे, तब्येत चांगली असल्याची खूण.

दोन प्रोसेसरचं असं आहे, की एका चुलीवर दोन आचारी. ज्या स्वयंपाकात एकाने चिरायचं आणि एकाने परतायचं अशी वाटणी लिहून दिलेली असते, तिथे जेवण लवकर होतं. तशी वाटणी नसेल तर एक राबतो आणि दुसरा कमरेवर हात ठेवून बघतो. पगार दोघांना, गॅस दोघांना, उकाडाही दोघांचा. दोन मालकांच्या कंपनीत तू सहा वर्षं काढलीस, तुला हे मी का समजावतोय?

माझ्याकडे दोन प्रोसेसर मागायला येणाऱ्या दहा माणसांतल्या दोघांना ते खरंच लागतात. तिघांना शेजारच्याने घेतले म्हणून हवे असतात. उरलेल्या पाचांना भलतंच काहीतरी दुखत असतं आणि त्यांनी औषध स्वतःच ठरवलेलं असतं. तू कितवी, ते आधी बघू दे. मशीनवर विंडोज कुठलं आहे? मेमरी किती? झाकण उघडून बघ आणि लिही. प्रोग्रॅम बांधताना मशीन आवाज कसला करतं तेही लिही. मी कीलुंगच्या बंदरावर रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हा लोक म्हणायचे, याला मागचं झाकण काढावं लागत नाही, हा कान लावतो. अजून तसंच आहे. डोळ्यांना चष्मा लागला, कान शाबूत आहेत.

समितीतले सातजण काय करतात ते कळलं. निरीक्षक काय निरीक्षण करतात?

मामा


चांगह्वा, २४ ऑक्टोबर २०००

ती. मामा,

नमस्कार. निरीक्षक समितीचं निरीक्षण करतात. त्यांनीही एक अहवाल दिलाय.

विंडोज ९८ आहे. मेमरी पुरेशी आहे. झाकण उघडता येत नाही. गेल्या वर्षी भूकंपानंतर मेमरीचे भाव तिप्पट झाले तेव्हा आमच्या दोन-तीन मशीनमधून पट्ट्या चोरीला गेल्या. त्यावर थोरल्या साहेबांनी प्रत्येक मशीनच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर स्वतःच्या नावाचा लाल शिक्का मारला. शिक्का फाटला तर ज्याचं मशीन त्याचा राजीनामा. त्या शिक्क्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं, मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून. पाकिटाची तारीख उलटली नाही ना, हे बघायला निरीक्षकांपैकी एकजण नेमलाय. त्याचं काम मात्र चोख आहे.

समितीच्या तीन बैठका झाल्या. थोरल्यांना 'सुवर्णगरुड'चा बोर्ड हवा, कारण त्याचा खोका जड आहे. धाकट्यांना 'ध्रुवतारा'चा हवा, कारण मासिकात त्याचा फोटो दोन पानं भरून होता. मग गुणांचा तक्ता केला. खोक्याला वीस, वजनाला पंधरा, हमीच्या कागदाला वीस, नावाच्या अक्षरांत ब्रशचे किती फटकारे येतात त्याला चाळीस. वेगाला पाच, कारण वेगवान तर सगळेच म्हणवतात. फटकारे मोजायला ज्योतिषी बोलावला होता. त्याने दोन्ही नावं शुभ ठरवली. पैसे दोन्ही साहेबांनी दिले होते.

तुम्ही कृपा करून एकच नाव कळवा. समितीने दोन प्रोसेसरचं ठरवलेलं आहे, ते आता बदलणार नाही.

पेइ-रू


तैपेइ, १ नोव्हेंबर २०००

चि. पेइ-रू,

आशीर्वाद. परवा मी फोन केला तो तुझं पत्र आल्यावर मुद्दाम केला. फोन धाकट्याने उचलला, थोरल्याने "कोण आहे?" विचारलं, धाकट्याने "मला काय माहीत" म्हटलं, मग तू आलीस आणि सख्ख्या मामाला सात मिनिटं "होय साहेब, नाही साहेब" करत राहिलीस. राग नाही. मला तुझं बोलणं ऐकायचंच नव्हतं. तुझ्या मागे मशीन प्रोग्रॅम बांधत होतं, ते मी ऐकत होतो.

खर्र-खर्र-टक. खर्र-खर्र-टक. सात मिनिटांत एकदा थांबलं नाही.

पोरी, प्रोसेसर दमला तर पंखा ओरडतो. तुझा पंखा शांत आहे. ओरडतेय ती हार्ड डिस्क. मेमरी म्हणजे मशीनचं काम करायचं टेबल आणि डिस्क म्हणजे मागच्या खोलीतलं कपाट. टेबल टीचभर असलं की मशीन एक कागद कपाटात नेऊन ठेवतं, दुसरा आणतं, पुन्हा पहिला आणायला जातं. तुझ्या बेचाळीस मिनिटांतली पस्तीस मिनिटं या येरझाऱ्यांत जातात. मेमरी पुरेशी आहे हे तू झाकण न उघडता लिहिलंस. तुला मेमरीची एक पट्टी हवी, हाताच्या दोन बोटांएवढी. बोर्ड नको.

शिवाय विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसतच नाही. बसवलास तरी तो नोकरीवर असल्याचं त्याला कुणी कळवणार नाही.

आणि सुवर्णगरुड आणि ध्रुवतारा हे भांडण कशासाठी चाललंय? दोन्ही बोर्ड ताओयुआनच्या एकाच कारखान्यात बनतात. दिवसपाळीत एक खोका भरतात, रात्रपाळीत दुसरा. गरुडाच्या खोक्यात पुठ्ठा दुहेरी असतो म्हणून तो जड.

मामा


चांगह्वा, ६ नोव्हेंबर २०००

ती. मामा,

तुम्हाला बोर्डाचं नाव विचारलं होतं. मशीनची नाडी बघायला सांगितली नव्हती. समितीने ठरवलंय, समितीने मान्य केलंय, आता मेमरीचा विषय काढणं शक्य नाही. तुम्हाला नाव सांगायचं नसेल तर दुसऱ्या दुकानात विचारते.

आईचा गुडघा तसाच आहे.

पेइ-रू


तैपेइ, १५ नोव्हेंबर २०००

चि. पेइ-रू,

आशीर्वाद. तुझं पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं, उगाच पाकीट वाया घालवलंस.

दुसऱ्या दुकानात जायची गरज नाही, सगळे माझ्याच दुकानात येतायत. बुधवारी एक गृहस्थ आले. राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं. बाकावर बसले, चहा घेतला, म्हणाले, दोन प्रोसेसरचा बोर्ड दाखवा. मी दोन्ही खोके पुढे केले. त्यांनी उघडले नाहीत, दोन्ही हातांत धरून तोलले आणि जड म्हणून गरुड पसंत केला. तिथेच मी ओळखलं. मी तुझा मामा आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

म्हटलं, काम कुठलं करणार यावर?

"ते मला विचारू नका. आमच्याकडे एक मुलगी आहे, तिलाच दोन लागतात. भर बैठकीत उभी राहून म्हणाली, दोन प्रोसेसर द्या, वेइयाच्या आत प्रोग्रॅम देते."

"आणि नाही दिला तर?"

ते हसले. "मग कोंबडी आहेच की. कुणाकडे तरी तोंड करून ठेवायलाच लागते तिला."

गुरुवारी दुसरे आले, तसंच नाक, केस जरा जास्त. बगलेत मासिक. त्यांनी ध्रुवतारा मागितला आणि विचारलं, माझ्या भावाच्या वळणाचा कुणी इथे येऊन गेला का? मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं नाक मी बघत नाही. ते म्हणाले, आला तर त्याला सांगा ध्रुवतारा संपलाय, म्हणजे तो हट्टाने तोच मागेल. भावाला इतका ओळखणारा माणूस बऱ्याच दिवसांनी बघितला.

तेव्हा आता तुला विचारतो. तीन पत्रांत तू 'समितीने ठरवलं' असं तीनदा लिहिलंस. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मला वाटलं होतं, चौदा माणसांच्या कंपनीत समिती खोक्याचं वजन ठरवते. दोन प्रोसेसर हे तिला आपणहून सुचत नाही. कुणाला सुचलं?

मामा


चांगह्वा, २० नोव्हेंबर २०००

ती. मामा,

मागच्या पत्राबद्दल माफ करा. तो कागद पाकिटात घालतानाच मला लाज वाटली होती.

मलाच सुचलं. सप्टेंबरच्या बैठकीत थोरल्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, पेइ-रू, उशीर का? मला उत्तर माहीत नव्हतं. आदल्या आठवड्यात दात दाखवायला गेले होते, तिथे एका मासिकात दोन प्रोसेसरवर लेख होता. तो अर्धा वाचून झाला तेवढ्यात आत बोलावलं. तो अर्धा लेख मी बैठकीत म्हणून दाखवला. इतका छान म्हटला की धाकट्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग थोरल्यांनाही वाजवाव्या लागल्या. दोघांना एकाच गोष्टीवर टाळ्या वाजवताना कंपनीने पहिल्यांदाच बघितलं. त्या दिवसापासून त्याला 'पेइ-रूचा बोर्ड' म्हणतात.

फुलबाजाराच्या अध्यक्षांनाही साहेबांनी सांगून टाकलंय, तुमचा प्रोग्रॅम दोन प्रोसेसरवर तयार होतोय. आता मी जाऊन म्हणू की दोन बोटांची पट्टी पुरली असती? अडीच महिने, चार बैठका, एक ज्योतिषी. डोकं माझ्याकडेच वळेल आणि ते बरोबरच ठरेल.

आणि न सांगितलं तर बेचाळीस मिनिटं तशीच राहतात. मी हिशेब केला. रोज नऊ वेळा याप्रमाणे वेइयापर्यंत प्रोग्रॅम पुरा होत नाही. मग डोकं तरीही माझ्याकडेच.

घर माझ्या पगारावर चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती गल्लीत अजून सांगत फिरते.

काय करू?

पेइ-रू


तैपेइ, २७ नोव्हेंबर २०००

चि. पेइ-रू,

आशीर्वाद. मीही एकदा कीलुंगला एका कप्तानाच्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर बदलला होता. त्याने विचारलं काय बिघडलंय, मी तिथे नवा, तोंडाला आलं ते सांगितलं. मग सांगितलेलं खरं करण्यासाठी चांगला ट्रान्सफॉर्मर काढून नवा बसवला. बिघाड होता एका तारेत. ती मी गुपचूप शेवटी जोडली. कप्तान खूश झाला आणि मला अजून तो आठवला की कानशिलं तापतात. तेव्हा तुझ्यावर हसायचा हक्क मला नाही. थोडं हसलो, तेवढं सोड.

आता ऐक. शनिवारी दोन्ही झान साहेब एकाच वेळी माझ्या दुकानात समोरासमोर आले. पाच मिनिटं दोघंही पुलाचे खांब बघत होते. मग मी दोन्ही खोके उघडले आणि बोर्ड शेजारी शेजारी ठेवले. म्हटलं, साहेब, नाव झाकतो, यातला गरुड कुठला ते ओळखा. थोरल्यांनी ध्रुवताऱ्यावर बोट ठेवलं. धाकट्यांनी ते बघून घाईने दुसऱ्यावर ठेवलं. मी कारखान्याची गोष्ट सांगितली. शेवटी ठरलं की बोर्ड ध्रुवताऱ्याचा आणि खोका गरुडाचा. दोघंही जिंकून गेले.

जाण्याआधी मी म्हटलं, या बोर्डाला मेमरी भरपूर लागते, अर्ध्या पोटी तो काम करत नाही. हे खोटं नाही. पट्टी त्यांनी घेतली. मी म्हटलं, नवी पट्टी आधी जुन्या मशीनमध्ये घालून महिनाभर चालवून बघा, खराब निघाली तर बदलून देतो. हेही खोटं नाही, मी सगळ्यांना सांगतो, ऐकत कुणी नाही. तुझ्या जुन्या मशीनला चालेल अशीच दिलीय. थोरले म्हणाले शिक्का आहे. मी म्हटलं, शिक्का ज्याने मारला त्याने फोडला तर त्याला फोडणं म्हणत नाहीत. हे त्यांना फार आवडलं.

पट्टी बसेपर्यंतचं मी केलं. पुढचं मला करता येत नाही. खरं बोलायचं की नाही, ते तुझं.

मामा


चांगह्वा, १९ डिसेंबर २०००

ती. मामा,

नमस्कार. सहा मिनिटं. बेचाळीसची सहा. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं काही तरी चुकलंय, म्हणून पुन्हा केलं. पुन्हा सहा. मी चहा करायला उठले होते, पाणी तापायच्या आत परत बोलावणं आलं. माझ्या चहाचा दर्जा घसरलाय अशी निरीक्षकांची तक्रार आहे.

शनिवारी प्रोग्रॅम पुरा झाला. काल फुलबाजारात चालवून बघितला. शेवंतीच्या चारशे पेट्या, एकदाही अडकला नाही.

आता जे दिसलं ते सांगते. थोरल्या साहेबांनी सगळ्यांना जमवून, खाऊचं पाकीट बाजूला काढून, कात्रीने शिक्का कापला आणि फोन आला म्हणून गेले. झाकण मी उघडलं. मेमरीच्या दोन जागा आहेत. एकीत पट्टी होती, दुसरी रिकामी. तिथली धूळ पट्टीच्या आकारात पुसलेली होती. म्हणजे माझं मशीन भूकंपानंतर लुटलं गेलं होतं, आणि त्याच्यावर साहेबांनी आत न बघता शिक्का मारला. सव्वा वर्ष आम्ही ती चोरी सांभाळून ठेवली, तारीख न उलटलेल्या खाऊसकट.

मी नवी पट्टी बसवली आणि झाकण लावलं. साहेब फोनवरून आले, नवा कागद चिकटवला आणि नवा शिक्का मारला. या वेळीही आत बघितलं नाही.

आणि तुमचा बोर्ड? तो खोक्यातच आहे. ज्योतिषाने नऊ जानेवारी सांगितली होती, पण तो दिवस धाकट्या साहेबांच्या जन्मवर्षाला बाधतो. आता चांद्र नववर्षानंतर. प्रोग्रॅम कशावर झाला असं मात्र कुणी मला विचारलं नाही. सगळे म्हणतात, बोर्ड आल्यापासून कामाला काय वेग आलाय.

कुणी विचारू नये अशी मी रोज कुबेराला उदबत्ती लावते. मग वाटतं, हे काय मागतेय मी?

पेइ-रू


तैपेइ, २३ डिसेंबर २०००

चि. पेइ-रू,

आशीर्वाद. कुणी विचारलं नाही तर गप्प राहायला माझी हरकत नाही. दुकानदाराचं अर्धं आयुष्य न विचारलेल्या प्रश्नांवर चालतं. पण कुणी सरळ तोंडावर विचारलं, तर त्या कप्तानाच्या रेडिओची आठवण ठेव. तीस वर्षं झाली, तो आवाज अजून बंद झालेला नाही.

नोकरी गेलीच तर पुलाखाली माझ्या शेजारचा गाळा रिकामा होतोय. तिथला चहा भिकार आहे.

मामा


चांगह्वा, ११ जानेवारी २००१

ती. मामा,

नमस्कार. काल वेइया झाला. मी जेवढं आठवतं तेवढं क्रमाने लिहिते.

मोठं गोल टेबल, मधली चकती फिरणारी. एका खुर्चीवर लाल फीत बांधून बोर्डाचा खोका बसवला होता. फुलबाजाराचे अध्यक्ष लो साहेब पाहुणे होते, त्यांना दोन प्रोसेसरवाला बोर्ड बघायचा होता. कोंबडी आली ती चकतीच्या मधोमध, डोक्यासकट. थोरल्या साहेबांनी चकती हलकेच फिरवली. डोकं तू साहेबांच्या जुन्या जागेवरून पुढे आलं, निरीक्षकांसमोरून गेलं आणि माझ्यापासून दोन माणसं अलीकडे थांबलं. धाकट्यांना ते पसंत नसावं, त्यांनी चकती उलटी फिरवली. थोरल्यांनी पुन्हा सुलटी. दोघांनी एकाच वेळी धरली तेव्हा ती जागच्या जागी थरथरत राहिली, आणि मला तुमचे एका चुलीवरचे दोन आचारी आठवले.

तेवढ्यात लो साहेबांनी खोक्याकडे चॉपस्टिक रोखली आणि मला विचारलं, "पोरी, आमचा प्रोग्रॅम यानेच केला ना?"

ते अगदी साधेपणाने विचारत होते, मामा. त्यांच्याकडे बघून खोटं बोलायला फारच निगरगट्ट व्हावं लागलं असतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "नाही साहेब. हा अजून उघडलेलाच नाही. प्रोग्रॅम जुन्याच मशीनवर झाला. मेमरी कमी पडत होती, एक पट्टी घातली आणि झालं. दोन प्रोसेसर लागतील असं मीच सप्टेंबरमध्ये म्हटलं होतं. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले. चूक माझी आहे."

रिकाम्या जागेबद्दल मी बोलले नाही. पण थोरले साहेब माझ्याकडे बघत राहिले. "पट्टी कुठे घातलीस?" असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, "जिथे आधी होती तिथे, साहेब." त्यांचा हात चकतीवरून खाली आला. त्यांनी बराच वेळ ओठ पुसले.

मग म्हणाले, "खाली बस. तुझ्या हुद्द्याच्या माणसाला एवढी मोठी चूक करण्याचा अधिकार नाही. ही चूक समितीची आहे."

"इतिवृत्तात तसंच आहे," धाकटे म्हणाले. "'समितीने ठरवलं.' एकट्या माणसाचं नाव कुठेही नाही. मी स्वतः तपासून घेतलं होतं."

दुसऱ्यांदा दोघांचं एकमत झालं. निरीक्षकांपैकी कुणी तरी टाळी वाजवणार होता, शेजारच्याने त्याचा हात धरला.

मग थोरल्यांनी चकती एका बोटाने ढकलली. ती सावकाश फिरत माझ्यासमोर आली. मी डोळे मिटले नाहीत. डोकं माझ्यासमोरून पुढे गेलं, लो साहेबांसमोरून गेलं आणि खोक्यासमोर थांबलं. लो साहेब एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "चला, बोर्डाला नारळ," म्हणाले. कोंबडी मोडली गेली आणि मी तीन वाट्या भात खाल्ला.

सकाळी माझ्या टेबलावर माझ्याच वस्तू होत्या. शिवाय एक आदेश. बोर्ड परत करण्यासाठी नवी समिती नेमलीय आणि मी अध्यक्ष आहे. बैठक शुक्रवारी. सगळ्या मशीनवरचे शिक्के काढून झाकणं उघडायचाही एक विषय त्यात थोरल्या साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलाय. कारण लिहिलेलं नाही.

अध्यक्ष म्हणून अधिकृतपणे विचारते, तुम्ही तो परत घ्याल का?

पेइ-रू


तैपेइ, १७ जानेवारी २००१

अध्यक्षबाई,

आशीर्वाद. खोका काल बसने आला. लाल फीत तशीच आहे, गाठही सुटलेली नाही. परत घेतला. पट्टी परत घेणार नाही, ती कामावर आहे.

बोर्डाला गिऱ्हाईकही आलं. आज तीन गृहस्थ आले, यादी घेऊन. त्यांच्याकडेही समिती आहे. मी विचारलं, मशीन आवाज कसला करतं? ते म्हणाले, आवाजाचा तक्त्यात रकाना नाही. मी त्यांना चहा दिला आणि फोन नंबर मागून घेतला. उद्या फोन करून ऐकेन, मग ठरवेन काय विकायचं.

तुझ्या आईला मी परवा सांगितलं, पोरगी अध्यक्ष झाली. कशाची ते सांगितलं नाही. गल्लीला आठवडाभर पुरेल.

आणि हो, आज सकाळचा फोन मीच केला होता, फुलबाजारातला माणूस म्हणून. तू प्रोग्रॅम बांधायला लावला होतास ना? सहा मिनिटं बोलत होतो आणि तुझ्या मागे काहीही ऐकू आलं नाही. खर्र नाही, टक नाही. इतकं छान काही मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

फक्त दोन भाऊ भांडत होते, खिडकी उघडायची की लावायची यावर. त्यांच्यासाठी माझ्या दुकानात काही मिळत नाही.

मामा